पाव मळणारी

३ मे १९४८, स्कार्थबी

चर्चचे व्हिकर म्हणाले, "मिसेस ऑडलिंग, रोज दोन ओळी लिहीत चला, मन हलकं होतं." मन हलकं होईल तेव्हा होवो, सध्या हात तेवढे जड झालेत. तरी लिहिते. म्हाताऱ्याचा शब्द मोडवत नाही.

रूबेन मार्चमध्ये गेला. त्याला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी भट्टी पेटवली. गावाला पाव कोण देणार? ऑडलिंगांची बेकरी तीन पिढ्यांची. मी या घरात आले तेव्हापासून पुढच्या दुकानात उभी राहिले, मागच्या खोलीत काथवटीपाशी कधी गेले नाही. सासरे म्हणायचे, "पीठ बाईच्या हाताला रुसतं." रूबेनही तेच म्हणायचा. ऑडलिंगांच्या बायकांनी पिठात हात घालायचा नाही, हा घरचा नियम. तो मी मोडलेला नाही. पाणी, मीठ, यीस्ट, पीठ काथवटीत घालते आणि लांब लाकडी वल्ह्याने ढवळते. बोटसुद्धा लावत नाही. रूबेन वरून बघत असेल तर त्याला तक्रारीला जागा नको.

जागा इथल्या जमीनदाराच्या इस्टेटीची आहे. त्यांचे कारभारी मिस्टर टास्कर टोपी हातात घेऊन आले होते. म्हणाले, "घाई नाही हो. पण लाउथच्या एका कंपनीने जागा मागितलीय. लॅमसच्या रविवारी तुमचा पाव चर्चमध्ये येईलच. तो बघू, मग करार तुमच्या नावावर करायचा की काय, ते ठरवू." लॅमस हा नव्या गव्हाचा सण, म्हणजे एक ऑगस्टपर्यंत मुदत. बेकरी गेली तर वरच्या दोन खोल्याही जातात, आणि मग मी नणंदेच्या माजघरात. देवा, ते नको.

११ मे

लोक किती चांगले असतात, हे माणूस गेल्याशिवाय कळत नाही. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट गिऱ्हाइकं वाढली. पाव अजून रेशनवर, कुपनं मोजूनमापून मिळतात, तरी ती माझ्याच काउंटरवर ठेवतात. मिसेस लीक म्हणाल्या, "तुमचा पाव म्हणजे एक तुकडा खाल्ला की दिवसभर दुसऱ्याची गरज नाही!" कॉन्स्टेबल ब्लँचर्ड म्हणाले, "भरीव आहे हो. रूबेनचा जरा हलका असायचा." मी मनात सुखावले. रूबेन, माफ कर.

मला स्वतःला चव कळत नाही. मार्चपासून तोंडाला सगळं सारखंच लागतं. बटाटे खाते, चहात बुडवून पावाची कड खाते. पीठ सरकारी, करडं. त्याचा पाव आणखी कसा होणार?

केझिया, माझी नणंद, रूबेनची थोरली बहीण, रोज दोन पाव नेते. एकटी बाई, दोन पाव! म्हटलं, "केझिया, एवढं खातेस कुठे?" तर म्हणाली, "वाया जात नाही." तिच्या कोंबड्या यंदा चांगल्या गुबगुबीत झाल्यात. मला चार अंडी दिली. केझियाने कुणाला काही दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

२१ मे

नवीनच प्रकार. शाळेचे मास्तर, मिस्टर माल्टबी, यांनी दर गुरुवारी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग काढलाय. विषय: आपल्या रोजच्या शब्दांचा जन्म. गवत कापायच्या दिवसांत कोण वर्ग काढतं? पण काल सगळा गाव आला. कॉन्स्टेबल, लीक नवरा-बायको, व्हिकर, आणि केझियासुद्धा, जी पुस्तकाकडे माशीकडे बघावं तशी बघते. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीला लावून बसलो सगळे. मला पहिल्या बाकावर बसवलं. विधवेचा मान असेल.

मास्तर उंच, हाडकुळे, बोलायला लागले की खडू दोन्ही हातांत फिरवतात. एकटेच राहतात शाळेमागच्या खोलीत. रोज सकाळी सगळ्यांत आधी दुकानात येतात, एक पाव घेतात, "आभारी आहे, मिसेस ऑडलिंग" म्हणतात आणि दारात डोकं आपटून जातात.

कालचा शब्द होता 'लोफ', म्हणजे अख्खा पाव. मला वाटलं, पावाबद्दल यांना काय सांगायचं असेल? पण मास्तर म्हणाले, हा शब्द 'ब्रेड'पेक्षा जुना. हजार वर्षांपूर्वी आपले पूर्वज पावाला 'हलाफ' म्हणत. ब्रेड म्हणजे तेव्हा नुसता तुकडा. पुढे तुकड्याने अख्ख्याची जागा घेतली. "शब्दही माणसांसारखेच," मास्तर म्हणाले. "एक जागा सोडून गेला की दुसऱ्याला ती भरावी लागते. सुरुवातीला जमत नाही. शिकावं लागतं." आणि माझ्याकडे बघून खडू खाली पाडला.

फार सहृदय माणूस.

२८ मे

काल मजा आली. 'लॉर्ड' म्हणजे मूळचा 'हलाफ-वेअर्ड', पाव राखणारा. सगळी ऐट त्या एका पावावर! आणि त्याच्या घरचा नोकर कोण? 'हलाफ-एटा', पाव खाणारा. यावर मिसेस लीकना इतका खोकला आला की कॉन्स्टेबलांनी पाठ थोपटली.

मग मास्तरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'लेडी'. पूर्वी हा शब्द 'हलाफ-दिगे' होता. पाव मळणारी. आज मोठ्या घरच्या बायकांना लेडी म्हणतात, पण मुळात लेडी म्हणजे जी पीठ मळते ती. "हातांनी," मास्तर म्हणाले. "हे महत्त्वाचं आहे. हातांनी. खूप वेळ."

सगळे माझ्याकडे बघत होते. टोपी वाकडी झाली असेल म्हणून मी ती नीट केली.

येताना केझियाला म्हटलं, "बघ, तेव्हाच्या बायका किती कष्ट करायच्या." केझिया थांबली, माझ्याकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "थर्झा, तू अगदी बाई, तू अगदी..." पुढे बोललीच नाही. वारा लागला असेल.

११ जून

गुरुवारची मी वाट बघायला लागलेय. रूबेन गेल्यापासून कुठल्याच दिवसाची वाट बघत नव्हते. त्याबद्दल मास्तरांचे आभार मानायला हवेत, पण कसे मानायचे? पावाची कड जरा जास्त भाजलेली देते त्यांना. तेवढंच.

कालचा शब्द 'डो', मळलेलं पीठ. मास्तरांनी सांगितलं की 'लेडी'मधली दुसरी अर्धी बाई आणि हा डो एकाच आईची लेकरं. आणि 'डेअरी'सुद्धा! डेअरीतली ती 'डे' म्हणजे आधी पाव मळणारी मोलकरीण, नंतर ती दुधाकडे वळली. हाताने मळणं, लिंपणं, आकार देणं, असा एक फार जुना धातू आहे, त्याची ही सगळी पोरं. मातीची भिंत लिंपून बंद केलेली बाग म्हणजे 'पॅरडाइस'. तोही शब्द त्यातलाच. म्हणजे स्वर्गसुद्धा कुणीतरी हाताने थापलेला. नसलेली गोष्ट थापून सांगणं, खोटं वागणं, त्याचा 'फेन' हा शब्दही त्याच घरातला. इथे कॉन्स्टेबल बूट बघायला लागले.

मग मास्तरांनी जाड पुस्तक उघडून सांगितलं, हिंदुस्तानच्या जुन्या भाषेत माणसाच्या शरीराला 'देह' म्हणतात, तो शब्दसुद्धा आपल्या डो-चा भाऊ. मळलेलं, घडवलेलं ते देह. मला एकदम रडू आलं. रूबेनचे हात आठवले. मनगटापर्यंत पांढरे, नेहमी कोमट.

मास्तर घाबरले. म्हणाले, "मिसेस ऑडलिंग, मला एवढंच म्हणायचं होतं की पिठाला हात... म्हणजे पिठाला उबेची..." आणि वर्ग लवकर सोडला. मी त्यांना सांगितलं की मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. ते म्हणाले, "होय ना? छान. छान," पण चेहरा पडलेला दिसला.

१९ जून

मास्तर दोन दिवस आले नाहीत. लिंकनला दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. दाढेचा तुकडा पडला. विचारलं तर म्हणाले, "जॅममध्ये बी होती." साखर कुपनावर आणि यांना जॅम कुठून मिळतो? पुरुष एकटा असला की बायका काहीबाही देत असतील. मला त्याचा राग यायचं कारण नाही. आला हे खरं.

मिसेस लीकनी फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक करडी वीट लावलीय. चांगली आहे वीट, कडेने गोलसर. कुठून आणली विचारायचं राहिलं.

२ जुलै

कालचा शब्द 'कंपॅनियन'. हा आपला नाही, फ्रेंचांकडून आलेला पाहुणा. लॅटिनमध्ये पावाला 'पानिस' म्हणतात. ज्याच्याबरोबर बसून पाव खायचा तो कंपॅनियन. सोबती. मास्तरांनी एवढंच सांगितलं आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. फळ्यावर काही लिहिलं नाही. मग केझिया मागून म्हणाली, "अहो मास्तर, पुढे?" तर म्हणाले, "पुढे काही नाही. माझं आजचं विषयांतर झालं."

रात्री जेवताना मी बटाट्याची ताटली घेऊन खिडकीशी बसले. एकच ताटली. सवय होते म्हणतात. खोटं म्हणतात.

२७ जुलै

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

पावाची कुपनं सरकारने उठवली. आता कुणीही कुठूनही हवा तेवढा पाव घ्यावा. आज लाउथच्या कंपनीची गाडी गावात येणार असं ऐकलं होतं. सकाळभर खिडकीत उभी होते. गाडी आलीच नाही. गिऱ्हाइकं मात्र सगळी माझ्याकडे, एकूण एक. मी मनात म्हटलं, थर्झा, असा गाव शोधून मिळणार नाही.

दुपारी केझियाची अंड्यांची टोपली परत द्यायला चर्चच्या मागच्या गल्लीने गेले. तिथे गाडी उभी होती. आणि तिच्यासमोर सगळा गाव रांगेत. मिसेस लीक, कॉन्स्टेबल, व्हिकरांची बायको. प्रत्येकाच्या एका काखेत सकाळी माझ्याकडून घेतलेला पाव आणि दुसरा हात गाडीवाल्याकडे.

सगळे थिजले. मग कॉन्स्टेबल ब्लँचर्ड म्हणाले, "हवा छान पडलीय, मिसेस ऑडलिंग."

"छानच," मी म्हटलं. टोपली भिंतीवर ठेवली आणि घरी आले.

२८ जुलै

दुकान उघडलं नाही. दहाच्या सुमारास केझिया मागच्या दाराने आली. कोट काढला नाही, खुर्चीवर बसली.

"रडून झालं असेल तर ऐक," म्हणाली. "तुझा पाव खाता येत नाही. कधीच आला नाही. मध्ये ओला, बाहेर दगड. पहिल्या दिवसापासून."

"मग घेता कशाला?"

"रूबेनला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी तू भट्टी पेटवलीस. तुला काय सांगणार, बाई, तुझं दुःख ठेव बाजूला, पाव कच्चा आहे? कुणाच्या तोंडून निघालं नाही."

"आणि पावाचं काय केलंत?"

"कोंबड्यांना घातला."

मी म्हटलं, पाव जनावरांना घालणं गुन्हा आहे, दंड होतो.

"दंड करणार कोण? सगळ्यांत लठ्ठ कोंबड्या ब्लँचर्डच्या आहेत."

"मिसेस लीकची वीट?"

केझिया छताकडे बघायला लागली.

मी ओरडले. जे तोंडाला आलं ते बोलले. सगळ्या गावाने मला मूर्ख बनवलं, आता टास्कर रविवारी पाव चाखणार आणि मी रस्त्यावर, एकाला तरी तोंड उघडता येत नव्हतं का? केझियाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माल्टबीने कबूल केलं होतं. व्हिकरकडे जमलो होतो आम्ही सगळे. तो म्हणाला, मी सांगतो, पण हळूच, तिला लागणार नाही असं. म्हणून तर त्याने वर्ग काढला. गवताच्या दिवसांत आम्ही काय हौसेने त्या बाकांवर गुडघे मोडून घेतले? 'हातांनी, खूप वेळ.' आणखी किती सांगायचं माणसाने! त्या दिवशी तू टोपी नीट केलीस, तेव्हा मला वाटलं, तुझ्या डोक्यात ते वल्हंच मारावं."

ती गेली. राग पुष्कळ होता, पण तो धरून ठेवायला जावं तर हातात राहीना. ते आठवड्याचं कूपन. तेवढ्यावर पोरांचा पाव असायचा. तो माझ्या काउंटरवर ठेवून, "सुरेख" म्हणून, घरी जाऊन हे लोक बटाटे खात होते. असलं वेडेपण कुठल्या गावात होईल? देवा, मी रागावू की पाया पडू?

२९ जुलै

शेवटचा वर्ग. कुणीच आलं नाही, लाजेने. फक्त मी आणि मास्तर. फळ्यावर लिहिलेलं होतं 'लॅमस: हलाफ-मास, पावाची प्रार्थना, नव्या गव्हाचा पहिला पाव'.

मी पहिल्या बाकावर बसले. ते उभे. खडू फिरतोय.

मी विचारलं, "मिस्टर माल्टबी, मी कणकेत हात घालू का?"

त्यांनी डोळे मिटले. "कृपा करून घालाच," म्हणाले.

"सरळ का नाही सांगितलंत?"

"सांगायला रोज सकाळी येत होतो. दुकानाच्या दारापर्यंत वाक्य तयार असायचं."

"मग?"

"मग तुम्ही पाव पुढे करायचात. अगदी आनंदाने."

मग त्यांनी फळा पुसला आणि दारात डोकं आपटलं.

३१ जुलै

आज संध्याकाळी काथवटीपुढे बाह्या वर करून उभी राहिले आणि हात पुढे जाईना. एवढ्या वर्षांचा नियम. तेवढ्यात केझिया आली, एप्रन बांधूनच. हात धुतले आणि न विचारता कोपरापर्यंत पिठात घातले. मी बघतच राहिले. असे हात मी रूबेनचेच पाहिले होते. ढकल, दुमड, वळव.

"पीठ बाईच्या हाताला रुसतं," मी म्हटलं.

"बाबांनी काढलेलं ते," केझिया म्हणाली. "मी चौदा वर्षांची असताना. माझा पाव रूबेनच्या पावापेक्षा चांगला व्हायचा. बेकरी मुलाला द्यायची होती, मग पीठ रुसायला लागलं. त्याआधी कधी रुसलं नव्हतं."

"मग मार्चमध्येच यायचं होतंस ना!"

"तू बोलावलं नाहीस."

अशी ही माणसं. पाव दगड झाला तरी चालेल, पण बोलावल्याशिवाय कुणाच्या स्वयंपाकघरात जायचं नाही. मी म्हटलं, "केझिया, आज बोलावते. उद्याही, आणि रोज." ती म्हणाली, "बोलू नकोस, मळ."

मी हात घातले. कोमट होतं. खरंच देहासारखं कोमट. आधी चिकटलं, मग हळूहळू सुटायला लागलं, मऊ झालं, हाताखाली उलटं ढकलायला लागलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं. केझिया म्हणाली, "पडू दे. मीठ लागतंच."

लॅमसचा पाव गव्हाच्या पेंढीसारखा करतात आणि तिच्यावर कणकेचा एक छोटा उंदीर बसवतात. रूबेनचा उंदीर नेहमी डुकरासारखा व्हायचा. केझियाने चिमटीत पीठ घेऊन एका दमात उंदीर केला, मिशांसकट.

१ ऑगस्ट, रविवार

पाव चर्चमध्ये मीच नेला. वेदीवर ठेवला. प्रार्थना झाल्यावर व्हिकरांनी बाहेर अंगणात तो मोडला आणि सगळ्यांना तुकडे दिले. मोडताना आवाज आला, कवचाचा. आत जाळी पडली होती.

कुणी "सुरेख" म्हटलं नाही. सगळे खाली मान घालून चावत होते, आणि मग मिसेस लीकनी हात पुढे केला दुसऱ्या तुकड्यासाठी, मग कॉन्स्टेबलांनी. केझिया त्यांना म्हणाली, "हा कुणासाठी, ब्लँचर्ड? कोंबड्यांसाठी?" तेव्हा सगळा गाव हसला आणि मीही हसले. मार्चनंतर पहिल्यांदा. आणि मला चव कळली. भाजलेल्या गव्हाची, गोडसर. मी विसरलेच होते पाव कसा लागतो ते.

मिस्टर टास्करनी उंदीर खाल्ला. म्हणाले, "करार पाठवतो. एकट्या तुमच्या नावावर?" मी म्हटलं, "दोन नावं घाला. थर्झा ऑडलिंग, केझिया ऑडलिंग." केझियाला जोराचा ठसका लागला.

मास्तर भिंतीपाशी उभे होते. डाव्या बाजूने चावत होते, सावकाश. मी जवळ गेले. त्यांनी घास गिळला, घसा साफ केला, आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले, "मिसेस ऑडलिंग, मीठ किंचित कमी आहे."

व्हिकरांच्या बायकोने "अगंबाई" म्हणून तोंडावर हात ठेवला. मला मात्र वाटलं, कुणीतरी माझ्या खांद्यावर कोरडी शाल घातली. म्हटलं, "उद्या जास्त घालते."

संध्याकाळी केझिया आणि मी काथवट घासत होतो. मी प्रत्येक घराचं नाव घेत होते आणि ती माझा पाव कुणी कुठे घातला ते सांगत होती. लीककडे कोंबड्या आणि वीट. ब्लँचर्डकडे कोंबड्या. व्हिकरांकडे बदकं, तीही नंतर तोंड फिरवायला लागली. केझियाकडे कोंबड्या.

"आणि मिस्टर माल्टबी?" मी विचारलं. "त्यांच्या कोंबड्या मी कधी पाहिल्या नाहीत."

केझियाचा हात थांबला. "त्याच्याकडे कुठे आहेत कोंबड्या?" म्हणाली. "कोंबड्या नाहीत, कुत्रा नाही, काही नाही."

रोज एक पाव. मार्चपासून. ती दाढ.

केझिया मघाशीच घरी गेली. मी भट्टी उद्यासाठी लावून ठेवलीय. पहाटे पहिला पाव निघेल तो काउंटरवर ठेवणार नाही. आत, खिडकीजवळच्या टेबलावर दोन ताटल्या मांडल्यात, लोणी आणि मिठाचं भांडं. सकाळी ते आले की म्हणेन, आत या, डोकं सांभाळा, बसा.